सिव्हिलला काय ठेवलंय म्हणे!

संत्रानगरी: काल एका महाशयांनी ठोकून दिलं, "नागपुरात इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरच घ्या, सिव्हिल म्हणजे उन्हात विटा मोजणं." विटा मिस्त्री मोजतो, राजेहो. इंजिनिअर ड्रॉइंगवरून बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळी किती लांब, कशी वाकवायची याची यादी) काढतो, एमबी म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची वही लिहितो. एवढं पक्कं झालं की बिलिंग, प्लॅनिंग, क्वालिटी, कुठेही जाता येतं.

मिहानकर: ते महाशय मीच. जाता येतं, पगार जागेवरच. कोडिंगमधलं डेटा स्ट्रक्चर आणि एसक्यूएल पक्कं असलं तर कॅम्पसला बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या शाखा विचारत नाहीत.

संत्रानगरी: विचारत नाहीत, मग सिव्हिल सोडायचं काहून?

मिहानकर: मे महिन्यात ४५ डिग्रीत स्लॅब भरून दाखवा, मग बोलू.

स्लम्पकोन: भरतात. आयएस ७८६१ या भारतीय मानकाप्रमाणे ओतताना काँक्रीट ४० डिग्रीच्या वर नको. खडीवर सावली, थोड्या पाण्याऐवजी तेवढ्याच वजनाचा बर्फ, काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रिटार्डर, आणि काम सूर्य कलल्यावर. खरा घोळ प्लांटवरून तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडी उशिरा आल्यावर होतो. स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा, गेलेला, पंपवाला ओरडतो, ड्रायव्हर ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडून मोकळा. ६ घनमीटरला ६० लिटर म्हणजे घनमीटरला १०. सिमेंट ३५० किलो असेल तर पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ वरून ०.४८, म्हणजे ताकद घटली. ताकद तपासायचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) मात्र पाणी टाकायच्या आधीच भरलेले! २८ दिवसांनी रिपोर्ट झकास, स्लॅबचं देव जाणे.

आरएमसीवाला: सगळं खापर प्लांटवर? सेंटरिंगचे टेकू लागले नाहीत, लोखंड चेक झालं नाही, अन् गाड्या मागवून रांगेत उभ्या करता. ड्रम फिरतच राहणार, स्लम्प पडणारच.

मिहानकर: म्हणजे डिग्री घेऊन ड्रायव्हरशी भांडायचं.

स्लम्पकोन: त्याचाच पगार. पाइप बंद करायचा, प्लांटच्या माणसाकडून सुपरप्लास्टिसायझरचा (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणाऱ्या रसायनाचा) ठरलेला डोस टाकून घ्यायचा, ड्रम जोरात फिरवायचा, स्लम्प परत मोजायचा. वेळ टळली असेल तर गाडी परत. मालक भडकला तरी.

ओव्हरमन: तुमचं पाणी संपलं असेल तर मायनिंग शाखेचंही बोला. कोळशाची वेकोलि, मँगनीजची मॉईल, भारतीय खाण ब्युरो, तिघांची मुख्यालयं याच गावात, इथल्या व्हीएनआयटी कॉलेजात मायनिंगची शाखाही आहे. पण नुसत्या डिग्रीवर खाणीचा मॅनेजर होता येत नाही. डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) परीक्षा द्या, आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. सोबत गॅस टेस्टिंग आणि फर्स्ट एडचे दाखले. मुलींनाही २०१९ पासून भूमिगत खाणीत तांत्रिक काम करता येतं, हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

मिहानकर: बरं बाप्पा, 'विटा मोजणं' मागे घेतो. 'पाइप धरणं' लिहितो.

आरएमसीवाला: लिहा. अन् हेही लिहा, रिटार्डर वाढवलं की सेटिंग लांबतं, साइड शटर (काँक्रीटच्या बाजूच्या फळ्या) घाईनं खोलायचे नाहीत. नाहीतर कोपरे तुटतात अन् फोन आम्हालाच येतो.