गप्पांच्या मध्ये गाणं कशाला?

कौलारू: परवा इथे एकाने ठणकावलं, ‘रेडिओवरच्या मुलाखतींत दर पाच मिनिटांनी गाणं घुसडतात, हा पाहुण्याचा अपमान. पॉडकास्ट ऐका.’ दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. विविध भारतीचा दुपारी चारचा ‘पिटारा’ ऐकलाय कधी? सोमवारी ‘सेहतनामा’त डॉक्टर बोलायचे आणि मधली गाणी त्यांच्याच आवडीची. गुडघेदुखीवर रुक्ष बोलणारा माणूस तलतचं गाणं मागतो, तेव्हा तो आपल्यातला वाटायला लागतो. आमची आई तेवढ्या गाण्यात कणीक मळून घ्यायची. बोलणं सुरू झालं की हात थांबलेच.

तिरकस: तो ‘एक’ मीच. तुमच्या कणकेसाठी मुलाखत तोडायची होय? एका स्टेशनवर (नाव घेत नाही) हृदयविकाराचे डॉक्टर सांगत होते, छातीत दुखलं तर पहिल्यांदा काय करायचं... आणि गाणं! ते संपलं तर निवेदिका भलत्याच प्रश्नावर.

मावळतीकर: ते सोडा. खाजगी एफएमवर गीतकाराचं नाव कधी ऐकलंत? घेतलं तर जीभ झिजते त्यांची. आकाशवाणीवर निदान गीतकार, संगीतकार, गायक तिघांची नावं येतात.

तिरकस: आकाशवाणीचं कौतुक पुरे. १९५२ साली केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेसंगीताला घराबाहेर काढलं. त्या सुमारास सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून तेही गाळायचे. निर्मात्यांशी बिनसलं, श्रोते गेले रेडिओ सिलोनला. त्यांना परत आणायला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.

मावळतीकर: काढलेच केसकर! नावं गाळायचं पाप रेकॉर्डवाल्यांचंही आहे. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका कोण? ‘कामिनी’. पडद्यावरच्या पात्राचं नाव! लताबाई कुठेच नाहीत.

पेटीवाली: केसकरांवर सगळंच ढकलू नका हो. आकाशवाणीवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, घातलेली बंदी १९४० ची, ते मंत्री व्हायच्या आधीची. १९७१ मध्ये ती जरा सैल झाली. आमचे आजोबा पेटी वाजवायचे, तेही जन्मभर केसकरांनाच शिव्या घालत. चुकीच्या माणसाला.

कौलारू: अहो, धागा गप्पांमधल्या गाण्यांचा आहे!

मावळतीकर: मग गाणं लिहिणारा महत्त्वाचा नाही? शांताबाई शेळक्यांनी लिहायचं आणि पोरांनी ‘लताचं गाणं’ म्हणायचं. तुमच्यासारख्यांमुळेच हे होतं.

कौलारू: माझ्यामुळे? मी इथे कणकेबद्दल बोलतोय!

पेटीवाली: वय काय, भांडता काय.

तिरकस: बरं, कौलारू, एवढं मान्य. दोन तासांचा पॉडकास्ट लावतो आणि पंधराव्या मिनिटाला घोरायला लागतो. मध्ये गाणं असतं तर जाग आली असती. झालं समाधान? पण छातीत दुखलं तर काय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

कौलारू: आईला आत्ताच विचारलं. तो कार्यक्रम तिनेही ऐकला होता म्हणे. डॉक्टर काय म्हणाले ते आठवत नाही, कारण गाणं लागल्यावर ती दूध बघायला उठली. गाणं साहिरचं होतं, एवढं मात्र पक्कं सांगते.

मावळतीकर: बघा! नाव सांगितलं होतं म्हणून.