देव सुटला, दुखणं राहिलं. तुम्ही कसं निभावलंत? (अनुभव धागा)

पारिजातक
गेल्या रविवारी आईच्या घरचा माळा आवरत होते. पितळी भांड्यांच्या पोत्याखाली माझ्या लिखित जपाच्या वह्या सापडल्या. सात वह्या, दोनशे पानी. पहिलीवर १९९८ चा गुढीपाडवा लिहिलाय. त्या वहीतलं अक्षर माझं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं. तिसरीत ओळी खाली उतरायला लागतात. पाचवीत एका पानावर जेमतेम सहा-सात ओळी, त्याही पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारख्या. सातवी अर्ध्यात थांबलीय. भांडी राहिली बाजूला, तासभर तिथेच बसून होते.

बोटं सुजायला लागली तेव्हा मी पंचवीसची. सकाळी वेणी घालता यायची नाही, तांब्या दोन्ही हातांनी धरायचा. आमचं सगळं घर एका गुरूंच्या मार्गातलं (नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका). तिथल्या ज्येष्ठांनी सांगितलं की हे प्रारब्ध, भोगूनच संपवायचं, गोळ्या घेतल्या तर भोग पुढच्या जन्मावर जातो. एक लाख जप लिहून काढ. ज्या बोटांना औषध हवं होतं त्याच बोटांनी मी अडीच वर्षं लिहीत बसले. फरक पडेना तसं वाटायचं, माझीच श्रद्धा कमी पडतेय. रात्री सगळे झोपल्यावर आणखी चार ओळी लिहायचे.

शेवटी ऑफिसातल्या एका बाईंनी मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. एक्सरेत हाडांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उठते, पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे पुष्कळ वाचतात, झिजलेलं मात्र परत येत नाही, असं त्यांनी समजावलं. "इतके दिवस कुठे होतात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्ग २००१ मध्ये सोडला. देव सुटायला पुढे पाच-सहा वर्षं लागली. गुरुवारची संध्याकाळ अंगावर यायची. ज्या बायकांबरोबर दहा वर्षं प्रसादाच्या पंगती वाढल्या त्या रस्त्यात दिसल्या की साडी बघायचं नाटक करत दुकानात शिरायच्या. ते सांध्यांपेक्षा जास्त दुखलं. पण एक ओझं उतरलं. कळ तेवढीच होती, ती आता शिक्षा राहिली नव्हती. आजार होता. आजारावर इलाज शोधता येतो.

रात्री तीनला ठणका लागला की तोंडातून अजून तेच नाम येतं. आधी स्वतःवर चिडायचे. आता येऊ देते.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर लिहा. कुणाच्या श्रद्धेची टिंगल नको. आणि या वह्यांचं काय करू? रद्दीत घालवत नाही, ठेववतही नाहीत.

शेवंती
ताई, वाचून हात थांबले. कुकर लावलाय, दुपारी येते.

भीमथडी
माळ मी एमआरआयच्या खोलीबाहेर उतरवली. आळंदीला सातव्या वर्षी घातलेली. तिथला मुलगा म्हणाला अंगावरचं सगळं काढा. तुळशीच्या मण्यांनी यंत्राला काय होणार, पण काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. अर्धा तास त्या नळीत ठकठक ऐकत पडलो. बाहेर येऊन शर्ट घातला, माळ खिशातच राहिली. तसं काही ठरवलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी वडिलांच्या लक्षात आलं. त्यानंतर महिनाभर ते माझ्या पंगतीला बसले नाहीत. माळकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय ते ज्यांना माहीत त्यांना माहीत.

अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. पहाटे चारला कंबर पेटते. पडून राहिलं की वाढते, उठून चाललं की उतरते. आठ वर्षं मला "मणक्यात गॅप आहे, पट्टा बांधून झोपून राहा" सांगत होते, म्हणजे नेमकं उलटं. डोळा लाल झाला म्हणून गेलो तर डोळ्याच्या डॉक्टरांनी पाठीचं विचारलं, तिथून एचएलए बी २७ ची रक्ततपासणी (या आजाराशी जोडलेलं जनुक), मग एमआरआय. चाळिशीच्या आत असाल, पाठ सकाळी आखडते आणि हालचालीनं बरी वाटते असं असेल तर कृपा करून संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मोठ्या इंजेक्शनच्या आधी टीबीची तपासणी करतात, ती टाळू नका.

वडील आता रोज सकाळी विचारतात, "आज किती वाजता सुटली पाठ?" तेवढंच. माळेचा विषय काढत नाहीत. आषाढीत त्यांच्याबरोबर दिवेघाट अजून चढतो. चालल्यानं पाठ मोकळी होते, आणि घाटात टाळाचा आवाज घुमतो तो मला अजूनही हवा असतो. गळ्यात माळ नाही, हातात टाळ आहे. वडिलांना तेवढं चालतं.

पारिजातक
@भीमथडी, "किती वाजता सुटली पाठ" वाचून रडले. माझ्या आईनं कधी विचारलं नाही. ती शेवटपर्यंत मार्गात होती. वह्या मात्र तिनंच जपून ठेवल्या होत्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

खमंग करंजी
विषय सोडून विचारते, माफ करा. मलाही बोटांचाच त्रास, निदान गेल्या वर्षी. कणीक कशी मळता? सासूबाईंना यंत्राची कणीक आवडत नाही.

पारिजातक
यंत्रच घे. भाकरी मी सोडली, पोळीवाल्या मावशी लावल्या. डब्याच्या झाकणाला रबरी कापड, चमच्यांच्या दांड्यांना सायकलच्या मुठींचं रबर चढवलंय, जाड मूठ धरायला सोपी जाते. नळ दांडीचे करून घे, फिरवायचे नकोत. पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवायची. मेथोट्रेक्सेट (संधिवाताची गोळी) चालू असेल तर आठवड्यातून एकदाच, वार ठरवून. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. मी रविवारच्या खणात लाल टिकली चिकटवलीय. आणि सासूबाईंना सांग मी सांगितलंय म्हणून.

शेवंती
आले. कुकरच्या मुठीलाही ते रबर बसतं का ताई? माझं दुखणं वेगळं आहे, पण मूठ सगळ्यांचीच हातातून सुटते.

वसईची पोर
मी ख्रिस्ती घरातली. बारा वर्षं झाली मिस्साला जात नाही.

उजव्या गालात वीज पडायची. दात घासताना, पंख्याचा वारा लागला तरी, पावडर लावताना. दाढा समजून दोन दाढा काढल्या, दोन्ही चांगल्या निघाल्या. मम्मी दर सप्टेंबरला वांद्र्याच्या जत्रेत माउंट मेरीला मेणाचं डोकं वाहायची. तिथे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं, सगळं मिळतं, ज्याचं जे गाऱ्हाणं असेल ते. प्रार्थनासभेत मला सांगितलं, तुझी वेदना क्रुसावरच्या वेदनेत मिसळ, अर्पण कर. मी मनापासून केली. वर्षभर, गुडघ्यांवर. मग एकदा म्हणाले, मनात कुणाविषयी तरी राग आहे, क्षमा केली नाहीस म्हणून बरी होत नाहीस. तेव्हा मी एकोणतीस वर्षांच्या आयुष्यातली सगळी माणसं एकेक करून आठवली आणि सगळ्यांना क्षमा केली. दुसऱ्या दिवशी तोंड धुताना पुन्हा वीज.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी एक रक्तवाहिनी टेकली होती, ठोक्यागणिक तिला घासत होती. कार्बामाझेपिननं थांबलं, पण चक्कर, झापड, सोडियम खाली. दोन वर्षांनी ऑपरेशन केलं, नस आणि रक्तवाहिनीच्या मधे टेफ्लॉनचा छोटा बोळा ठेवतात. एमआरआयचं चित्र डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा मी ऑपरेशनआधीच अर्धी बरी झाले. माझा राग, माझं मन, माझी श्रद्धा, कशाचाच संबंध नव्हता. एक रक्तवाहिनी होती.

मम्मी आता नाही. सप्टेंबरात पप्पांना घेऊन जत्रेला जाते. ते आत जातात, मी पायऱ्यांवर थांबते. मग दोघं कडियो बोडियो खातो.

गुळपोळी
कडियो बोडियो!! पार्ल्यात असताना वडील आणायचे, कागदाच्या पुडीत. कुणी घरी केलेत का? साखरेचा पाक हवा की गुळाचा?

वसईची पोर
@गुळपोळी घरी जमत नाहीत गं. पुढच्या वर्षी पत्ता कळव, पाठवते.

तुळसवृंदावन
खरं सांगते, धागा वाचून आधी राग आला. मी नेमानं पूजा करणारी, वीस वर्षांचं मायग्रेन आहे, अंधाऱ्या खोलीत पडले की रामरक्षाच मला धरून ठेवते. ती काढून घेतली तर मी कुठे जाऊ? पण पारिजातकताईंच्या वह्यांचं वाचलं आणि राग गेला. औषध बंद कर म्हणून सांगणाऱ्याला देवाचं नाव घ्यायचा अधिकार नाही. मंगळवारी भजनी मंडळात हे बोलणार आहे. आमच्यातही एक जण गुडघ्यांवर अंगारा लावून बसलीय.

पारिजातक
नक्की बोला. आणि रामरक्षा कुणी काढून घेत नाहीये हो. मला ते नाम अजून तोंडात येतं, लिहिलंय ना वर. तुम्ही मंडळात बोलाल तर ती बाई ऐकेल, माझं ऐकणार नाही.

संत्रानगरी
आमच्या घरी धर्म सोडला हे रडून नाही, मान वर करून सांगतात. आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षेला होती, पोटात माझे बाबा. घरी येऊन तिनं टोपल्यात देव भरले आन् कन्हान नदीला सोडून आली.

पण आजार तर धर्म पाहून येत नाही. माझ्या भावाला सिकलसेल, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारक्या नळ्यांत अडकतात, हाडात अशी कळ उठते की मोठा माणूस जमिनीवर लोळतो. थंडी, पाणी कमी पिणं, ताप, एवढं निमित्त पुरते. तो लहानपणी ओरडायचा तेव्हा वस्तीतल्या काही बाया म्हणायच्या, देव सोडले म्हणून कोप झाला. आजी त्यायले चहा द्यायची आन् विचारायची, "ज्यायनं नाही सोडले त्यायच्या पोरायले काऊन होते मंग?" गडचिरोलीत, नंदुरबारात, किती घरं आहेत. आईबाप दोघंही वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) असले की दर बाळंतपणात चारात एक शक्यता, एवढाच त्याचा हिशेब. पाप नाही, कोप नाही.

मी वाहक आहे, एएस. लग्नाआधी मुलाची तपासणी मागितली, दोन स्थळं उठून गेली. तिसरा स्वतःच रिपोर्ट हातात घेऊन आला. त्याच्याशीच केलं.

भाऊ हायड्रॉक्सियुरिया रोज घेतो, कळ येणं बरंच कमी झालं. शाळेत शिकवतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्र काढून घ्या, पुष्कळांना माहीतच नसते. आजी शेवटच्या वर्षी गुडघ्यांनी जागची हलू शकत नव्हती. नातसून हळूच म्हणाली, एखादा नवस बोलू का? आजी म्हणाली, "शेकायची पिशवी आण." गेली तेव्हा पिशवी उशाशीच होती.

भीमथडी
@संत्रानगरी, आजींना दंडवत. जय भीम.

शांतसागर
विपश्यना (ध्यान) करून बघा कुणीतरी. ती भारतात पसरवणारे गोयंकाजी स्वतः भयंकर मायग्रेननं हैराण होऊन १९५५ साली रंगूनमध्ये विपश्यनेचे शिक्षक ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं ऊ बा खिन यांनी आधी सांगितलं होतं. मी इगतपुरीला दोन शिबिरं केली. दुखणं गेलं नाही. "आता वाढलं, आता उतरलं" असं त्याच्याकडे बघता यायला लागलं.

भीमथडी
माझ्यासारख्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. तासन् तास एका जागी बसणं आम्हाला सोसत नाही. पण "बघता येणं" पटलं.

कोवळं ऊन
पहिल्यांदाच लिहितेय. फायब्रोमायल्जिया, वय २६. अंगभर दुखतं आणि सगळे रिपोर्ट चांगले येतात. घरी म्हणतात, नामस्मरण वाढव, रिकामं डोकं. मी अजून काही सोडलेलं नाही. पण आरतीला उभी राहते तेव्हा आतून काहीच येत नाही, टाळ्या वाजवते आणि खांदे जळतात. कुणाला सांगणार. इथे सांगितलं.

शेवंती
सांगितलंस ते बरं केलंस गं. रिपोर्ट चांगले म्हणजे दुखणं खोटं नव्हे. माझीही तीच गत, तेच नाव. दुखण्याचा निरोप देणाऱ्या नसा आणि मेंदू नको इतके जागे होतात, असं डॉक्टरांनी समजावलं. मी दोन मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. खरंच दोन. हळूहळू एकेक मिनिट वाढवायचं, दुखलं म्हणून बंद नाही, बरं वाटलं म्हणून धावायचंही नाही. आता चाळीस मिनिटं जाते. दीड वर्ष लागलं. झोपेची वेळ सांभाळ. व्यनि (खासगी निरोप) कर, सकाळी बरोबर चालू, फोनवर का होईना.

पारिजातक
@कोवळं ऊन, सोडायचं की ठेवायचं याची घाई करू नकोस. आरतीला उभी राहवत नसेल तर खुर्ची घे. कुणी विचारलं तर खांदे दुखतात सांग, ते खरंच आहे.

वसईची पोर
वह्यांचं राहिलंच. तुमच्या डॉक्टरांना दाखवा ना. अक्षर कधीपासून बिघडलं ते तारखेसकट आहे त्यात.

तुळसवृंदावन
मीही तेच लिहायला आले होते. विसर्जन करायचं असेल तर तेही करा, पण आधी दाखवा.

पारिजातक
काल नेल्या. डॉक्टर तरुण आहेत, आधीचे निवृत्त झाले. त्यांनी सगळ्या सात वह्या उलटल्या, बाहेर रुग्ण खोळंबलेले असताना. तिसऱ्या वहीतल्या एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "इथे आला असतात." मग वही मिटून माझा हात हातात घेतला आणि नेहमीसारखे एकेक सांधे दाबून बघितले.

सहा वह्या आईच्या पितळी डब्यात ठेवल्या, माळ्यावर नाही, कपाटात. सातवीची अर्धी पानं कोरी आहेत. त्यात सकाळी बोटं किती वेळ आखडलेली होती ते लिहिते, डॉक्टरांनी टिपून आणायला सांगितलंय. आज ३५ मिनिटं. अक्षर वाकडंच येतंय.

खमंग करंजी
ताई, यंत्र आलं! सासूबाईंनी स्वतः कणीक लावली आज. ते सायकलचं रबर लाटण्याला बसेल का? मूठ बारीक आहे माझ्या लाटण्याची.

पारिजातक
बसेल. आतून आधी कापडाची पट्टी गुंडाळ, मग चढव. गरम पाण्यात बुडवून घे, लगेच सरकतं.