मदत हवी आहे: प्रारूपातला राडारोड्याचा लोंढा निम्म्या वाटेतच अडकतो

हिमरेषा
नमस्कार. हिमोढाने, म्हणजे हिमनदीने आणून रचलेल्या दगडमातीच्या बांधाने, अडवलेले एक सरोवर फुटले, तर राडारोड्याचा लोंढा खालच्या वस्तीपर्यंत पोहोचेल का, हे मी रॅम्स या संगणकीय प्रारूपावर तपासत आहे. खोऱ्याच्या तोंडाशी, ९ किलोमीटरवर, जुन्या लोंढ्यांनी आणून टाकलेले घराएवढे धोंडे आजही पडलेले आहेत. माझा लोंढा मात्र ५.५ किलोमीटरच्या पुढे सरकायला तयार नाही. म्यू (तळाशी होणाऱ्या कोरड्या घर्षणाचा गुणांक) ०.२ वरून ०.०५ पर्यंत खाली आणला, क्साय (वेगाबरोबर वाढणाऱ्या विरोधाचा गुणांक; तो वाढवला की विरोध घटतो) दुप्पट-तिप्पट केला, तरी शंभर-दीडशे मीटरचाच फरक पडतो. अहवाल सोमवारी द्यायचा आहे. या दोन्ही गुणांकांच्या नेमक्या कोणत्या किमती घ्याव्यात, एवढेच कृपया सांगावे.

समोच्च
एवढेच सांगता येत नाही. आकारमान किती धरले, ते एकदम सोडले की हायड्रोग्राफ (वेळेनुसार प्रवाह किती, याचा आलेख) देऊन, जमिनीच्या उंचीचे प्रतिमान कोणते आणि त्याच्या जाळीचा चौकोन किती मीटरचा, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

ओबडधोबड
मूळ अडचण रॅम्सचीच आहे. त्यात लोंढा म्हणजे एकच एकजिनसी पदार्थ असतो. आर-अव्हाफ्लो या दुसऱ्या प्रारूपात पाणी, बारीक गाळ आणि दगड वेगवेगळे धरता येतात, आणि ते मोफत मिळते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला, घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळला आणि लोंढ्याचे रूप वाटेतच पालटले. असे रूपांतर दोन गुणांकांत कसे मावणार?

खळाळ
चमोलीत सरोवर फुटले नव्हते, त्यामुळे ते उदाहरण इथे लागू नाही. शिवाय सोमवारपर्यंत तीन घटकांचे गुणांक कोण जुळवणार? सरोवरफुटीच्या लोंढ्यांसाठी आल्प्समधील नोंदींवरून काढलेला ११ अंशांचा ढोबळ नियम आहे: सरोवर आणि वस्ती यांना जोडणाऱ्या रेषेचा सरासरी उतार त्याहून जास्त असेल, तर वस्ती टप्प्यात धरावी. कागद-पेन्सिल पुरते.

ओबडधोबड
कागद-पेन्सिलीने लोंढा पोहोचेल की नाही एवढे कळते. किती जाडीचा आणि किती वेगाने पोहोचेल, हे कळत नाही.

हिमरेषा
उंचीतला फरक १९०० मीटर आहे, म्हणजे उतार सुमारे १२ अंश भरतो. वस्ती टप्प्यात आहे, हे मलाही दिसते. मला जाडी हवी आहे. बाकीचे तपशील नेहमीचेच असल्याने लिहिले नव्हते: एसआरटीएम (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीचे प्रतिमान), ३० मीटर, सरोवराचे क्षेत्रफळ १ लाख चौरस मीटर, त्यावरून सूत्राने १३ लाख घनमीटर, सगळे एकदम सोडले, लोंढ्याची घनता २००० किलो प्रति घनमीटर, धूप (लोंढ्याने वाटेतला तळ खरवडणे) बंद.

दरडवाला
माझ्या मते खोऱ्यात जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारे उपकरण) बसवून भोंग्याची व्यवस्था करणे अधिक उपयोगाचे ठरेल. तारा कशा टाकायच्या, ते हवे असल्यास सविस्तर लिहीन.

जुनाजाणता
जिओफोनसाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

हिमरेषा, नेहमीचे म्हणून वगळलेल्या तपशिलांतच आपली अडचण आहे. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २०००ची. त्या वेळी आजच्या सरोवराच्या जागी हिमनदीची जीभ असेल, तर आपण पाणी बर्फाच्या पाठीवरून सोडत आहात. दुसरे म्हणजे, सरोवर फुटताना आधी पाणी निघते, आणि हिमोढ व नाल्याचा तळ खरवडत गेल्यावर त्याचा लोंढा बनतो. म्हणून २००० घनतेचा गठ्ठा एकदम सोडण्याऐवजी हायड्रोग्राफ द्यावा आणि धूप चालू करावी. स्वित्झर्लंडमधील इल्ग्राबेन येथील मोजमापांवर बेतलेल्या धुपेच्या मूळ किमती रॅम्समध्ये आहेतच, जरी त्या हिमोढाला कितपत लागू पडतात याविषयी मी साशंक आहे.

म्यूची सुरुवात खालच्या पंखाकृती मैदानाच्या उताराच्या स्पर्शकापासून करतात. उतार ६ अंश असेल तर साधारण ०.१. पण ०.०५ लाही लोंढा जागचा हलत नसेल, तर दोष घर्षणाचा नाही, वाटेत काहीतरी आडवे आले आहे. नाल्याच्या तळाचा लांबीनुसार छेद काढून ५.५ किलोमीटरपाशी पाहावे.

हिमरेषा
पाहिले. ५.४ किलोमीटरवर सलग दोन चौकोनांत तळ १८ मीटरने वर उचललेला आहे आणि त्यामागे लोंढा ३१ मीटर जाडीचा साचून राहतो. प्रत्यक्षात तिथे जेमतेम १५ मीटर रुंदीची घळ आहे. ३० मीटरच्या चौकोनात तिच्या दोन्ही कड्यांची उंची मिसळून बांध तयार झाला. ते चौकोन कोरून काढले, म्यू ०.१ ठेवला, हायड्रोग्राफ दिला. लोंढा आता ८.२ किलोमीटरपर्यंत येतो. धूप अजून चालू केलेली नाही. दोन आठवडे फुकट गेले.

ओबडधोबड
आर-अव्हाफ्लोमध्येही हाच बांध आडवा आला असता, हे मान्य करतो.

समोच्च
कोरलेली वाट एका चौकोनाची, म्हणजे ३० मीटर रुंद झाली असणार. खरी घळ तिच्या निम्मी आहे, त्यामुळे तिथली जाडी प्रत्यक्षाहून कमी दिसेल. घळीवर पूल आहे का?

हिमरेषा
आहे. मुदत वाढवून मागणारे पत्र लिहीत आहे.