'द रेव्हन' मराठीत आणताना भीती कुठे सांडते?

सदरचा वाचक
डिसेंबरात नागपुरातल्या एका छोट्या काव्यवाचनासाठी एडगर अॅलन पोच्या 'द रेव्हन' या कवितेचा (१८४५; प्रेयसी लिनोर गेलेल्या माणसाच्या खोलीत रात्री एक बोलका पक्षी येतो) अनुवाद चालू आहे. अठराही कडव्यांचा मुक्तछंदातला खर्डा झाला. अर्थ आला, भीती गेली. वेताळ, पिशाच्च, भुताटकी असे शब्द पेरून पाहिले तर ऐकणारे हसले. चुकतं कुठे?

छंदवेडा
मुक्तछंदातच. या कवितेची भीती ठेक्यात आहे, ठेका गेला की उरतो तो फक्त बोलका पक्षी.

पोने १८४६ च्या निबंधात मापं दिली आहेत. अक्षरांत मांडली तर कडवं होतं १६, १५, १६, १५, १५, ७. आता घनाक्षरी हा आपला अक्षरं मोजून बांधायचा छंद आठवा, त्याचा चरण: ८-८-८-७. पहिल्या दोन ओळींचा एक चरण, पुढच्या दोन ओळींचा दुसरा, मग ८-७ आणि शेवटी सुटं ७. साचा घरातच आहे, राजेहो!

एक खोड मात्र आहे. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एकच. मोजून बरोबर भरलेली ओळ त्यामुळे तोंडात लंगडते. निदान आठव्या अक्षरावर, यतीच्या (ओळीतल्या थांब्याच्या) जागी, 'दार', 'रात' असा शब्द संपवू नका. 'दारी', 'राती' चालेल.

महालची गल्ली
पालुपदाकडे आधी बघा. पहिल्या सात कडव्यांपैकी सहा 'नथिंग मोअर'वर संपतात, एक 'एव्हरमोअर'वर. आठव्यापासून अकराही कडवी 'नेव्हरमोअर'वर. आधी दिलासा, मग त्याच आवाजात शिक्षा. दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द घेतलेत तर हा सांधा तुटतो. मराठीत सोय चांगली आहे:

आणिक काही नाही
आता कधीच नाही

दोन्ही सात अक्षरी. यमकही 'नाही'चंच ठेवा: काही, राही, वाही, ग्वाही, दाही. चौथ्या-पाचव्या ओळीचा शेवट पो बहुतेक एकाच शब्दावर करतो, म्हणून दर कडव्याला नवी यमकं दोनच लागतात.

छंदवेडा
सात अक्षरं पटली. पण पोला पालुपदात लांब 'ओ' आणि 'र' हवा होता, घुमणारा. 'ही' पातळ आहे. त्यापेक्षा पक्ष्याच्या चोचीत नुसतं 'नाही' द्या, बाकीचं निवेदकाकडे. कर्कश 'ना' कावळ्याला शोभतोही.

महालची गल्ली
'कावळा' म्हटलंत की पिंड आलाच. दहाव्याचा घाट, शिवत नसलेला कावळा, लिनोरची अपुरी इच्छा. ऐकणारा मनातल्या मनात दुसरीच कविता रचून मोकळा. मूळ पक्षी विद्येच्या देवतेच्या पुतळ्यावर बसतो, पितरांशी त्याचा संबंध नाही. 'डोमकावळा' बरा. गावकावळ्याची मान राखाडी, हा मानेसकट काळा. पक्षीही वेगळा नि भारदस्त वाटतो.

पद्मपूरकर
भुतांचे शब्द का पडले, तेही बघा. भवभूतीच्या (आठवं शतक, घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं) 'मालतीमाधवा'चा पाचवा अंक पाहा: स्मशान, पिशाच्चं, चामुंडेपुढे बळी द्यायला आणलेली मालती. तिथे सगळं उघड्यावर, डोळ्यांपुढे. बीभत्स आणि भयानक रस. गॉथिकचा, म्हणजे पोच्या जातीच्या पाश्चात्त्य भयसाहित्याचा, कारभार उलटा: बंद खोली, विझते निखारे, पडद्याची सळसळ, आणि दाराबाहेर कुणीच नाही. 'द रेव्हन'मधला पक्षी चमत्कारही करत नाही, पढवलेला एक शब्द म्हणतो. उत्तर ठाऊक असूनही माणूसच असे प्रश्न विचारत जातो की 'नाही' त्याला चिरत जावं. तुमच्या वेताळाने तो माणूस झाकून टाकला.

सदरचा वाचक
वेताळ गेला. पण शेकोटीचं काय? नागपुरी घरात शेकोटी अंगणात.

पद्मपूरकर
डिसेंबर राहू द्या, घर त्याचंच राहू द्या. 'शेकोटी' म्हटलं की माणूस अंगणात जातो, खोली उघडते. नुसते 'निखारे' म्हणा आणि त्यांची सावली जमिनीवर पाडा. शेवटच्या कडव्यात पक्ष्याची सावलीही तिथेच पडायची आहे.