4:1 कीटोजेनिक आहार: ताटात नेमकं किती तूप, आणि त्याने फिट थांबतात कशा?

सुजाता_नाशिक:
मुलगी 4 वर्षांची, वजन 15 किलो. दोन औषधांनीही फिट आटोक्यात येत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी 4:1 कीटोजेनिक आहार सांगितलाय, दिवसाला 1000 कॅलरी. 4:1 हे कशाचं प्रमाण? आणि चरबीने मेंदूत नेमकं काय बदलतं? घरात अंडं चालतं.

आहारशास्त्र_पुणे:
ताई, हे प्रमाण वजनाचं, कॅलरींचं नाही. 4 ग्रॅम चरबीमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून 1 ग्रॅम. चरबीच्या 36 कॅलरी आणि उरलेल्याच्या 4, असा 40 कॅलरींचा एक घटक. 1000 ला 40 ने भागलं की 25. म्हणजे दिवसाला 100 ग्रॅम चरबी आणि बाकी सगळं मिळून 25 ग्रॅम. वाढीसाठी किलोमागे 1 ग्रॅम प्रथिन धरलं तर त्यातले 15 गेले, कर्बोदकांना उरले 10. ज्वारीच्या 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतच 34 ग्रॅमच्या आसपास असतात.

एक जेवण असं बसतं: एक अंडं (कवच सोडून 50 ग्रॅम), 50 ग्रॅम पालक, 29 ग्रॅम तूप. अंड्यातली 5 धरून चरबी 34, बाकी साडेआठ. चमच्याने मोजू नका. थिजलेलं तूप चमच्यावर ढीग होऊन बसतं, पातळ काठापर्यंतच राहतं. वजनकाटाच हवा. आणि घात होतो तो तव्यावर. तव्याला 4 ग्रॅम तूप चिकटून राहिलं तर त्या जेवणाचं प्रमाण साडेतीनास एक झालं. म्हणून तूप वाटीत वरून घाला आणि वाटी रबरी उलथन्याने निपटून तिला भरवा.

न्यूरो_निवासी:
कर्बोदकं एवढी कमी झाली की यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू ग्लुकोजऐवजी बराचसा त्यांवर चालतो. असं दिसतं की त्यामुळे ग्लुटामेट, म्हणजे पेशींना चेतवणारं रसायन, जास्त प्रमाणात गाबाकडे वळतं, आणि गाबा पेशींना शांत करतं. परिणाम बहुधा एकाच वाटेने होत नाही, हेही खरं. 1921 मध्ये मेयो क्लिनिकच्या वाइल्डर यांनी हा आहार सुचवला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. लंडनमधल्या 145 मुलांच्या चाचणीत (2008) आहार घेणाऱ्यांपैकी 38 टक्क्यांच्या फिट निम्म्याहून जास्त कमी झाल्या, न घेणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांच्या.

वागण्यात आधी उलटंच दिसतं: पहिल्या आठवड्यात मूल मलूल, चिडचिडं. पुढे बऱ्याच मुलांचं लक्ष आणि तरतरी सुधारते, कधी कधी फिट फारशा कमी न होताही.

सुरुवात घरच्या घरी करू नका. चरबी वापरण्याच्या प्रक्रियेतच जन्मजात दोष असेल तर हा आहार जिवावर बेततो. त्यासाठी रक्त-लघवीच्या तपासण्या आधी व्हायलाच हव्यात.

सुजाता_नाशिक:
तुपाऐवजी खोबरेल तेल चाललं तर कीटोन लवकर बनतात म्हणे?

आहारशास्त्र_पुणे:
चालतं, पण ते एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या साखळीच्या मेदाम्लांचं तेल) नव्हे. लवकर कीटोन देणारी आठ आणि दहा कार्बनची आम्लं खोबरेलात जेमतेम 15 टक्के असतात; निम्मं लॉरिक आम्ल असतं. आणि खरं एमसीटी तेल एकदम वाढवलं तर पोटात कळा आणि जुलाब, म्हणून हळूहळूच वाढवतात.

न्यूरो_निवासी:
लपलेली साखर विसरू नका. औषधांची गोड सिरपं डॉक्टरांना विचारून गोळीत बदलून घ्या. 100 मिली दुधात 5 ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे दिवसाचा निम्मा कोटा. पाणी कमी पडलं की मूतखडे होतात. निदान 3 महिने तरी आहार चालवून बघतात, आणि थांबवायचा तर टप्प्याटप्प्याने. एकदम सोडला तर फिट उसळतात. तिच्या पिशवीत एक चिठ्ठी कायम ठेवा: 'कीटोजेनिक आहार चालू आहे. रक्तातली साखर फार घसरली नसेल तर डेक्स्ट्रोजचं सलाइन लावू नये.' डेक्स्ट्रोज म्हणजे साखरच. तापात रात्री दुसऱ्याच दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना हे कळायला दुसरा मार्ग नसतो.