.३२ रिव्हॉल्व्हर: गोळी ९८ ग्रेनची की १०० ग्रेनचं वॉडकटर?

मदत हवी आहे. परवान्याचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आहे, साईट (नेम धरायची खूण) फिक्स, म्हणजे वर-खाली न होणारी. ठिकाण परभणीजवळचा शेतातला आखाडा: खोली लहान, भिंती पत्र्याच्या, पलीकडे सालगड्याचं कुटुंब झोपतं. म्हणजे आरपार जाणारी गोळी नकोच.

सध्या गोल तोंडाची ९८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी वापरतो. रेंजवर १० मीटरवरून, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, नेम धरल्या जागेच्या तीन बोटं खाली लागते. ट्रिगरचा झटका म्हणावं, तर दुसऱ्याच्या हातूनही तसंच. फ्रंट साईट घासली तर मार वर येईल, पण घासलेलं परत येत नाही.

१०० ग्रेनचं वॉडकटर चपट्या तोंडाचं, हळू जाणारं. पण घाईत भरताना त्याची कड चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भोकाच्या) तोंडाला अडते.

७१ ग्रेन सुचवू नका, ती पिस्तुलाची, काडतूसच वेगळं. घरी रिलोडिंग (रिकामी काडतुसं पुन्हा भरणं) करत नाही. वर्षाचा कोटाही मोजका, त्यामुळे दोन्ही पेट्या घेऊन बघणं परवडत नाही.

ज्यांनी तीन इंची नळीतून दोन्ही मारल्यात त्यांनी सांगावं: वॉडकटरचा मार ९८ ग्रेनपेक्षा किती वर बसतो, आणि पत्र्यापलीकडे कोणती कमी जाते?