नागपूरच्या सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये लॅटिन मिस्सा: शूबर्ट की हायडन?

आल्टो_सदर: सदरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी, उपासनेतच, लॅटिन मिस्सा (उपासनेतल्या ठरलेल्या प्रार्थनांना दिलेलं संगीत; भाग कीर्ये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, बेनेदिक्तुस वगैरे) गायचा विचार आहे. शूबर्टची जी मेजर सुरातली मिस्सा घ्यावी की हायडनची छोटी ऑर्गन मिस्सा? आवाज २२: सोप्रानो (बायकांचा वरचा) ८, आल्टो (बायकांचा खालचा) ७, बास (पुरुषांचा खालचा) ४, टेनर (पुरुषांचा वरचा) जेमतेम ३. दोन व्हायोलिन, एक चेलो, डिजिटल ऑर्गन. व्हायोला वाजवणारं कोणी नाही. निम्मे लोक हिंदुस्थानी गाणं शिकलेले.

पेडलवाला: हायडन. आवाजांखेरीज दोन व्हायोलिन, बासचं वाद्य (म्हणजे तुमचा चेलो) आणि ऑर्गन एवढ्यासाठीच ती लिहिली आहे, त्यामुळे व्हायोला नसल्याने काही अडत नाही. शूबर्टच्या जी मेजर (१८१५) मिस्सेत व्हायोला लागतो. शिवाय क्रेदोतली (श्रद्धेच्या कबुलीतली) 'एत उनाम सांक्ताम' ही चर्चवरच्या विश्वासाची ओळ त्याने गाळली आहे, उपासनेत ती उणीव फादरांच्या लक्षात येणारच.

पण आधी तारीख बघा. तिसरा रविवार आगमनकाळात (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांत) येतो, आणि त्या काळातल्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत. पूर्ण मिस्सा गायची तर नाताळची रात्र किंवा त्यानंतरचा रविवार घ्या.

दुसरी अडचण बेनेदिक्तुसची. ते सोप्रानो सोलो आणि ऑर्गनच्या उजव्या हाताचं काम आहे, सगळ्या मिस्सेत सर्वांत लांब, जवळपास ५ मिनिटांचं. जुन्या पद्धतीत ते भाकर-द्राक्षरसावरच्या अर्पणशब्दांनंतर गायचे. आता सांक्तुसला जोडून येतं, म्हणजे तेवढा वेळ फादर वेदीशी थांबून राहणार. आधी विचारा, ऐनवेळी नको.

खर्जातला: ग्लोरियात चारही आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी म्हणतात. हायडनने मजकूर असा एकावर एक रचून ती अगदी थोडक्यात उरकली आहे. म्हणून शेजारच्याच्या आधाराने गाणारा इथे हमखास बुडतो. आधी सूर बाजूला ठेवून प्रत्येक आवाजाकडून नुसते शब्द तालात म्हणवून घ्या, मग दोन-दोन आवाज जोडा. लोकांना शब्द कळणार नाहीतच, मजकुराची पत्रकं वाटा. आवृत्तीत पहिली ओळ छापलेली नसेल तर ती फादरांनी म्हणायची असते.

शब्द देवनागरीत लिहून देणार असाल तर 'पाचेम' (शांती) या लॅटिन शब्दातला च 'चार'मधला, 'चमचा'तला नव्हे, हे आधीच सांगा. हिंदुस्थानी गळ्यांची खरी गडबड मींडेत होते: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेले की चार आवाजांचा कॉर्ड (एकत्र स्वरमेळ) गढूळ होतो. कीर्येच्या संथ लयीत लगेच ऐकू येतं. तेवढ्यासाठी साथीशिवाय सराव करा, दर ८ मापांनी (तालखंडांनी) ऑर्गनवर सूर तपासा. बहुतेक वेळा उतरलेलाच सापडतो.

टेनर तिघंच आहेत तर मधोमध, पुढच्या रांगेत. बासला त्यांच्या ओळीवर पाठवू नका, वरचे सूर ओढून लावतील आणि खालचा पाया जाईल.

आल्टो_सदर: ऑर्गनचे स्पीकर वेदीजवळ आणि गायक दाराकडे, असं चालेल का?

पेडलवाला: नाही. २० मीटर अंतर कापायला आवाजाला जवळपास ०.०६ सेकंद लागतात. जलद भागात तेवढ्यात गायक मागे पडतात, आणि ऑर्गनवाल्याला वाटतं तेच रेंगाळताहेत. स्पीकर, चेलो, गायक एकत्र ठेवा. लयही रिकाम्या चर्चमध्ये पक्की करू नका. तिथे घुमतं फार, म्हणून सगळे हळू गातात. बाकं भरली की घुमणं कमी होतं.

पंखे बंद ठेवा, डिसेंबरात नागपुरात त्यांची गरजही नाही.

चार_तारा: व्हायोलिनबद्दल एवढंच: आपल्याकडची हिवाळ्यातली हवा कोरडी, त्यात खुंट्या आकसून सुटतात. अर्धा तास आधी वाद्यं आत आणून ठेवा, खुंटी आत दाबत फिरवा. डिजिटल ऑर्गन थंडीत हलत नाही, तेव्हा सूर त्याच्याच 'ए' स्वरावरून (४४० हर्ट्झ) घ्या.

खर्जातला: उपासनेऐवजी मैफल ठरलीच तर चर्चमधल्या मैफलींबद्दलचं रोमचं (व्हॅटिकनचं) १९८७ चं पत्र लागू होतं: लेखी परवानगी, प्रवेश सर्वांना मोफत, आणि वेदीच्या जागेत गायक बसवायचे नाहीत. तिकीट छापण्याआधी वाचा.